लग्न तहकूब

शुक्रवार, ९ सप्टेंबर २०११

लग्न तहकूब! कारण — अमेरिकेची राज्यघटना.

चेष्टा नाही. लोकांची लग्नं अडतात बाटलीपायी, सासूपायी, नाहीतर दुसरीपायी. माझं अडलंय सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कागदापायी. ज्यांनी तो लिहिला ते सगळे विग घालत होते म्हणे.

ट्रेंट ऑल्डरिज आला होता. आर्वोचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, वकील. वॉशिंग्टनचा, फुकटचा — कुठल्याशा स्वातंत्र्य-मंडळाने दिलेला. वय तिशीच्या आत. बूट असे की इथला पहिला बर्फ बघून रडतील. माझ्या स्वयंपाकघरात बसला, कॉफीबरोबरचा केक दोनदा मागून खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मॅडम, एक नाजूक गोष्ट आहे."

नाजूक गोष्ट अशी. सरकारने कायदा केलाय — २०१४ पासून प्रत्येकाने आरोग्यविमा घ्यायचा, नाही घेतला तर दंड. आर्वोचं म्हणणं, मला बाजारात ढकलून 'हे घे' म्हणणारं सरकार कोण? म्हणून त्याचा खटला. आणि अशा खटल्याला माणूस हवा तो असा — विमा नाही, परवडतो, तरी घेत नाही. आर्वो हाउताला! छप्पन्न वर्षांचा, स्वतःचं गॅरेज, उधारी नाही, दारू सणापुरती. ट्रेंट त्याच्याकडे असा बघतो जसा जत्रेत पहिलं बक्षीस मिळालेल्या बैलाकडे बघतात.

पण बैलाने माझ्याशी लग्न केलं तर पंचाईत. मी शाळेची बस चालवते. आमचा विमा चांगला, नवऱ्यालाही लागू. लग्न झालं की आर्वोला विमा आयता. मग त्याचं नुकसान कसलं? नुकसान नाही तर 'स्टँडिंग' नाही — म्हणजे कोर्टात उभं राहून 'माझ्यावर अन्याय होतोय' म्हणायचा हक्क.

मी म्हटलं, "लग्न करतो. विम्यात नाव घालत नाही. झालं?"

"समोरचा वकील म्हणेल, घरात ताट वाढलेलं आहे आणि हा उपाशी असल्याचं सांगतो."

"म्हणजे मी वाढलेलं ताट?"

पोरगा लाल झाला. आर्वो कपात चमचा ढवळत बसला होता. साखर घेत नाही तो.

"थोडे महिने, व्हर्ना," एवढंच म्हणाला.

८ ऑक्टोबरसाठी चर्चचा हॉल सांगून ठेवला होता. तो आता गर्ल स्काउट्सच्या पोरींना देणार आहेत.

शनिवार, १० सप्टेंबर

एल्माला सांगितलं. माझी थोरली बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली. सबंध गावाची पत्रं हाताळली तेव्हा उघडून वाचायची बंदी होती — त्याचा सूड म्हणून आता सगळ्यांच्या भानगडी तोंडपाठ करते. ती हसत सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "अगं, मला वाटत होतं तो तुझ्या विम्याच्या कार्डाशी लग्न करतोय. हा तर कार्डाला घाबरून पळतोय!"

बहीण असावी तर अशी. नसली तरी चालेल.

मंगळवार, २७ सप्टेंबर

सगळ्या गावाला कळलं. बसथांब्यावर आया माझ्याकडे बघून ओठ चावतात.

आर्वोवर रागावता येत नाही, हीच अडचण. मागच्या हिवाळ्यात मी बर्फ उडवायचा स्नो-ब्लोअर घेऊन गेले होते त्याच्याकडे — तिसऱ्यांदा. त्याने इंजिन उघडलं, आत डोकं घातलं, आणि आतूनच म्हणाला, "हे दर वेळी इथे आणण्यापेक्षा तूच इकडे ये राहायला." मला वाटलं तो यंत्राशी बोलतोय. पाच मिनिटांनी डोकं बाहेर काढलं तर कान लाल!

अशा माणसाचं काय करायचं.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

क्लबात तळलेल्या माशांची शुक्रवारची पंगत. एल्मा आणि आर्वो एका टेबलावर — म्हणजे मासे बाजूला आणि राज्यघटना मध्ये.

एल्मा: "ट्रकचा विमा काढतोस ना? सरकारच्याच सक्तीने?"

आर्वो: "ट्रक ठेवायची सक्ती नाही. ट्रक विकला की विमा संपला. शरीर कुठे विकू? जन्मलो हाच गुन्हा, म्हणून विमा घ्या!"

"मग शरीर चालवणं बंद कर."

"एल्मा, तुला आवडेल ते."

"आणि उद्या छपरावरून पडलास तर? हॉस्पिटल तुला दारात मरू देत नाही. बिल कोण भरणार — आम्हीच ना! आमचे हप्ते वाढतात त्याने."

"मी रोख भरतो. आजवर कुणाचं बुडवलंय?"

"दात काढल्याचे भरलेस. छाती फाडल्याचे भर, मग बोल."

आर्वोने बटाटे संपवले आणि बाहेर ट्रक गरम करायला गेला. एल्मा विजयाने बघत होती. मी तिच्या ताटातला शेवटचा मासा उचलून खाल्ला.

खरं सांगू? दोघंही बरोबर वाटतात. जो बोलत असतो तो. मी बस चालवते — मला पट्टा बांधायची सक्ती, मागे पन्नास पोरं बिनपट्ट्याची. सरकारचं डोकं कुठे चालतं आणि कुठे झोपतं, हे मी सतरा वर्षं रोज सकाळी बघते आहे.

उद्या ८ तारीख. लिहिणार नाही काही.

सोमवार, १४ नोव्हेंबर

सर्वोच्च न्यायालयाने खटला घेतला. पण आमचा नव्हे! दुसऱ्या राज्यांचा, दुसऱ्या माणसांचा. आमचा तसाच खालच्या कोर्टात लोंबकळत राहणार, वरचा निकाल लागेपर्यंत. जूनपर्यंत.

मी फोनवर ट्रेंटला म्हटलं, "म्हणजे आता आर्वोची गरज नाही. आम्ही लग्न करतो."

"नाही नाही, मॅडम! उलट आता चेहरा लागणार. लोकांना सूट घातलेले वकील नको असतात, हातावर ग्रीस असलेला माणूस हवा असतो."

ग्रीस तर माझ्या सोफ्यालाही लागलेलं आहे. मलाच कुणी वॉशिंग्टनला बोलवत नाही.

गंमत बघा — सरकार म्हणतं 'विमा घे', तर हा गडी छाती काढून उभा! वकील म्हणतो 'लग्न करू नको', तर 'बरं साहेब'! स्वातंत्र्य म्हणजे हुकूम कुणाचा पाळायचा ते आपण ठरवायचं, एवढंच असावं.

आर्वोला हे ऐकवलं. म्हणाला, "तू वकील व्हायला हवी होतीस."

"मी बायको व्हायला हवी होते," म्हटलं.

रविवार, १५ जानेवारी २०१२

चर्चच्या तळघरात स्पॅगेटीचं जेवण. वेन्डेल राउतिओच्या मदतीसाठी — जंगलात लाकूड तोडताना झाड पायावर आलं. विमा नाही. आमच्याकडे कुणाचंही काही मोडलं की स्पॅगेटी उकडतात. वाटतं, या तालुक्यातल्या निम्म्या हाडांना टोमॅटोचा वास येत असेल.

दारात तिकिटं विकायला एल्मा. घटनेचं कुठलंही कलम तिथे चालत नाही. "किती?" असं विचारते, "घेणार का?" असं नाही. कुणी एकच घेतलं तर नुसती बघते. पुन्हा पाकीट निघतं.

आर्वोने दोन टेबलं भरतील एवढी तिकिटं घेतली. खाल्लं एक ताट.

मी म्हटलं, "ही सक्ती नाही का? न घेऊन दाखव बरं! सात पिढ्या नावं ठेवतील."

"ही वेगळी गोष्ट."

"कशी?"

बराच वेळ शेवयांशी झटत बसला. मग म्हणाला, "वेन्डेलला मी ओळखतो."

हे उत्तर ट्रेंटला सांगायला हवं. त्याच्या मोठ्या पुस्तकात असलं काही नसेल. पण नंतर भांडी विसळताना वाटलं — ज्याला कुणी ओळखत नाही त्याने काय करायचं? त्याच्यासाठी कोण उकडणार?

सोमवार, १३ फेब्रुवारी

डुलुथ शहरातलं हॉस्पिटल. हाताला सुई, म्हणून अक्षर असं. मी जिवंत आहे. पोटाला टाके.

बुधवार, १५ फेब्रुवारी

आता नीट लिहिते.

शुक्रवारी सकाळची फेरी करून बस लावली आणि पोटात जे काही झालं — मी स्टीअरिंगवरच वाकले. आर्वोला फोन केला. ॲम्ब्युलन्सची वाट बघायला तो तयार नव्हता. ट्रकात घातलं. सरोवरावरून बर्फ आडवा येत होता, रस्ता दिसत नव्हता, आणि हा माणूस सबंध वाट एकच वाक्य म्हणत होता, "जागी राहा, व्हर्ना." बाकी काही सुचलं नाही त्याला. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर अवघड होतं.

पुढचं मला एल्माने सांगितलं, तिखटमीठ लावून.

मला आत नेलं. खिडकीवरच्या बाईने आर्वोला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

तो म्हणाला, "आमचं लग्न ठरलंय."

"कधी आहे?"

"जूननंतर. कोर्टाचा निकाल लागला की."

बाईला वाटलं माझा आधीचा घटस्फोट अडकलाय! तिने सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाली, "घरच्यांशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही. बाई शुद्धीवर आल्या की त्यांना विचारू." माझं विम्याचं कार्ड त्याच्याच हातात होतं. कार्ड आत गेलं. तो बाहेर राहिला.

शस्त्रक्रिया चालू, कुणी काही सांगेना. आणि मग एल्मा पोचली — जी माझ्याशी ख्रिसमसच्या हॅमवरून भांडून तेव्हापासून बोलत नव्हती! "मी बहीण," म्हणाली, तर दारं उघडली, खुर्ची दिली, डॉक्टर स्वतः बाहेर आले.

जाताना ती त्याला म्हणाली, "काय रे, वॉशिंग्टनात तुला स्टँडिंग आहे ना? इथे मात्र नुसताच उभा."

"तू असं म्हणालीस?" मी ओरडले. टाके दुखले.

"म्हटलं खरं," एल्मा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "पण नको होतं म्हणायला. कॉफीच्या यंत्रापाशी भिंतीला टेकून उभा होता. रंग असा पांढरा की नर्सने विचारलं, तुम्हाला काही होतंय का, नाडी बघू का? तर हात सोडवून घेऊन जिन्याने खाली. तिथून परत आला तो तू शुद्धीवर आल्यावरच."

मी शुद्धीवर आले तेव्हा हेच पहिलं बोलले म्हणे: "त्याला आत घ्या." मला आठवत नाही. बरं झालं. आठवलं असतं तर एवढं सरळ बोलले नसते.

रविवार, २६ फेब्रुवारी

आर्वो रोज येतो. छपरावरचा बर्फ काढतो. वाटाण्याचं सूप आणतो — त्याच्या आईची रीत, डुकराच्या हाडासकट. चव अशी की घटनेत त्याविरुद्ध दुरुस्ती व्हावी.

आज मीच म्हटलं. वय झालं, लाज कसली. "आर्वो, काऊंटी कचेरीत जाऊ, लग्नाचा परवाना काढू. दहा मिनिटांचं काम. ट्रेंटला दुसरा चेहरा मिळेल."

त्याने सुपाचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता 'हो' म्हणतो. तोंड उघडलंसुद्धा त्याने.

"जूनपर्यंत थांब," म्हणाला.

हॉस्पिटलात त्या भिंतीला टेकून जो उभा होता, तो हाच का? मला कळत नाही. रागाने सूप दोन वाट्या प्यायले.

मंगळवार, २७ मार्च

मोठा दिवस! न्यायालयात आज याच मुद्द्याची सुनावणी. ट्रेंट आर्वोला विमानाने घेऊन गेला. मी एल्माकडे टीव्हीसमोर, मांडीवर लोकरीचं काम, हातात सुई — कुणाला टोचावी या विचारात.

एका न्यायमूर्तींनी विचारलं, आरोग्याला चांगली म्हणून सरकार उद्या ब्रोकोली विकत घ्यायला लावू शकेल का? संध्याकाळपर्यंत सबंध देश ब्रोकोलीवर बोलत होता. एवढे शिकलेले लोक! वेन्डेलचा पाय एकीकडे, आणि भाजी एकीकडे. एल्मा म्हणाली, "ब्रोकोली फुटून कुणी डुलुथला जात नाही." हे तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं वाक्य. मी तिला तसं सांगितलं नाही.

मग पायऱ्यांवर आर्वो! लग्नासाठी शिवलेला सूट. तो सूट माझ्याआधी देशाने पाहिला! माईकसमोर दोन मिनिटं दिली त्याला. घाबरला होता, हात कुठे ठेवू कळत नव्हतं. पण म्हणाला, "मला 'नको' म्हणता आलं पाहिजे. तरच माझ्या 'हो'ला काही किंमत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्माने टीव्हीचा आवाज वाढवला.

वाक्य चांगलं होतं. फार चांगलं. माझ्या बाबतीत त्याने अर्धंच वापरलं.

शुक्रवार, ६ एप्रिल

गावात आर्वोचं कौतुक. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला ब्रोकोलीचा गड्डा भेट दिला, वर लाल फीत. तो त्याने माझ्याकडे आणला. शिजवला, लोणी घालून. 'सक्ती नाही' म्हणत दोघांनी खाल्ला. हसलो खूप. कित्येक दिवसांनी.

अशा संध्याकाळी वाटतं, नकोच ते लग्न. मग तो उठून टोपी घालतो, दारात थांबतो, आणि आपल्या घरी जातो. तेव्हा वाटतं हवंच.

बुधवार, १३ जून

शाळा सुटली. बस धुऊन जमा केली. ट्रेंटचा फोन — "कुठल्याही दिवशी निकाल. आर्वोला ताप, खोकला काही येऊ देऊ नका. आजारी चेहरा आपल्याला परवडणार नाही!"

आता माणसाने आजारीही वकिलाला विचारून पडायचं!

आर्वोला सांगितलं तर तो हसला नाही. "तो असं म्हणाला?" एवढंच विचारलं.

गुरुवार, २८ जून

लागला निकाल! सकाळी आर्वो, एल्मा, मी — माझ्याच टीव्हीसमोर. एल्माने गोड पाव भाजून आणला होता. "जिंकलो तर आनंदाने, हरलो तर राज्यघटनेच्या तेराव्याला," असं म्हणत. तिच्या दृष्टीने कोण जिंकणं म्हणजे जिंकणं, ते मी विचारलं नाही.

टीव्हीवर मोठी अक्षरं: कायदा रद्द! आर्वो उभा राहिला. ओरडला नाही, नाचला नाही. नुसता उभा. ट्रेंटचा फोन आला, तो मात्र ओरडत होता. एल्माने गोड पाव परत डब्यात घालायला घेतला.

मग तोच बातम्या देणारा कानातलं यंत्र दाबत म्हणतो, थांबा... थांबा... पुढचं पान वाचतोय. आणि अक्षरं बदलली: कायदा वैध!

घाईत पहिलंच पान वाचून ओरडले होते! माझ्या बसमधली पोरंसुद्धा धडा पूर्ण वाचतात — निदान ओरडा बसेल म्हणून.

निकाल असा: सरकार 'विमा घे' असा हुकूम करू शकत नाही — इथे आर्वो बरोबर. पण विमा न घेणाऱ्यावर कर बसवू शकतं — म्हणून कायदा बरोबर. म्हणजे, तुला नको म्हणायचा पूर्ण हक्क आहे बाबा, फक्त त्याचे पैसे पडतील! पाच विरुद्ध चार. एवढ्या शहाण्यांनी मिळून हेच सांगितलं, जे एल्मा तिकिटं विकताना नुसत्या नजरेने सांगते.

मी हसले. खरंच हसले, पोट धरून. आर्वो हसला नाही.

एल्मा चष्मा लावून टीव्हीवरची धावती पट्टी वाचत होती, मोठ्याने: "आणि २०१४ पासून कुठल्याही कंपनीला आजारी माणसाला नाकारता येणार नाही. आधीचं दुखणं असलं तरी विमा द्यावाच लागेल. बघ आर्वो, सक्ती तुझ्यावरच नाही, त्यांच्यावरही आहे!"

तो उठून अंगणात गेला. खिडकीतून बघितलं तर माझ्या गवत कापायच्या यंत्राजवळ बसला होता. ते बिघडलेलं नव्हतं.

ट्रेंटचा दुसरा फोन आला नाही.

शनिवार, ३० जून

संपलं.

मी शांतपणे विचारलं होतं. अगदी शांतपणे. "निकाल लागला. खटला मेला. चेहरा मोकळा झाला. कधी करायचं?"

"बघू," म्हणाला. "उन्हाळ्यात गॅरेजला काम फार. बोटींची इंजिनं येतात."

"मग शरद ऋतूत?"

"हरणांची शिकार झाली की..."

"मग ख्रिसमस, मग बर्फ, मग बर्फ वितळला की चिखल! आर्वो हाउताला, कोर्ट संपलं, वकील पळाला, आता कुठलं कलम आडवं आलंय?"

त्याने टोपी उचलली, परत ठेवली.

"एल्मा वर्षभर सांगतेय — तुला मी नको आहे, खटला ही पळवाट होती. मी तिच्याशी भांडत होते. बहिणीशी, तुझ्यासाठी!"

"तसं नाही, व्हर्ना."

"मग कसं?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मी अंगठी काढून टेबलावर ठेवली. बोट सुजलं होतं, साबण लावावा लागला — म्हणजे रागाने उठायचं, मोरीवर जायचं, साबण लावायचा, खेचायचं आणि परत येऊन रागावायचं! एवढा वेळ होता त्याला बोलायला.

"तुला सक्ती आवडत नाही ना? जा. मोकळा आहेस. दंडसुद्धा नाही."

तो गेला. अंगठी तिथेच आहे. मी तिच्यावर वाडगा पालथा घातलाय, बघायला नको म्हणून.

रविवार, १ जुलै

स्ट्रॉबेऱ्या निवडत होते. आर्वो जाळीच्या दाराबाहेर येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"मी मागितला होता," म्हणाला.

"काय?"

"विमा. तीन वर्षांपूर्वी. या सगळ्याच्या आधी. रोख देतो म्हटलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि नको म्हणाले. दुसऱ्या कंपनीकडे गेलो. तेही नको म्हणाले. हृदयाची झडप बिघडलीय, व्हर्ना. आता आता जिने चढताना कळते."

मी म्हटलं, "आणि कोर्टात शपथेवर सांगितलंस, नको म्हणून?"

"त्यांनी विचारलं, घ्यायचाय का. देतात का, असं कुणी विचारलंच नाही." जाळीची सुटलेली कड बोटाने दाबत म्हणाला, "लग्न केलं असतं तर कधीतरी तुला कळलंच असतं. बिघाड झाकून इंजिन विकणारा माणूस नाही मी. म्हणून विकतच नव्हतो."

वर्षभर या माणसाला मी हसले. अजून एखादा टोमणा असेल म्हणून शोधला. एकही सापडला नाही. दार उघडलं.

काऊंटी कचेरी उद्या नऊला उघडते. लग्नाच्या परवान्यानंतर पाच दिवस थांबायची सक्ती आहे. थांबायचं नसेल तर वेगळी फी.

भरणार.